पूर्वेचं फाटक

ती आग तुम्ही लावलीत. विजेचा खांब तुमचा, तार तुमची, आणि एका गंजक्या खिळ्यावर लोंबणारा तो आडवा दांडाही तुमचाच. तुमच्या माणसांनी तो पाहिला होता. माझ्या कुंपणापाशी गाडी उभी करून, काचसुद्धा खाली न करता पाहिला होता. मी फोन केले. दर वेळी वेगळी मुलगी, दर वेळी तोच गोड आवाज, "नोंद घेतली आहे, बाई." नोंद तुम्ही घेतलीत आणि मार्चमधल्या वाऱ्याला सगळं सोपवून मोकळे झालात.

तुमचं नाव मी इथं घालत नाही. सिमारॉन नदीच्या दोन्ही अंगांना ज्याच्या घरात दिवा लागतो त्याला ते पाठ आहे. मला जरा जास्तच पाठ आहे. कॉलेजात ज्या मैदानावर मी बास्केटबॉल खेळले त्याच्या लाकडी जमिनीवर मधोमध तुमचं नाव रंगवलेलं होतं. चार वर्षं मी त्या नावावर पडले, उठले, घाम गाळला. शेवटच्या वर्षी उडी मारून उतरताना डावा गुडघा फुटला, तोही तुमच्या पहिल्या अक्षरावर. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी गाल टेकून तुमचा चकचकीत रंग बघत होते.

डॅडी त्या दिवशीही आले होते. एल्डन उनरू, माझे वडील. गुरांना पेंड टाकून, तसेच शेणाचे बूट घालून, अर्धं राज्य ओलांडून ते प्रत्येक सामन्याला यायचे. ओरडायचे नाहीत, नाचायचे नाहीत. टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचे. दवाखान्यात मला म्हणाले, "चल घरी. गाईंना उंची चालते."

तशी मी घरी आले. सहा फूट दोन इंच. पहिल्यांदा भेटणारा माणूस आधी समोर बघतो, मग मान वर करतो. गावात अजून विचारतात, "काय गं डीना, वर थंडी जास्त आहे का?" पण वासरू पोटात आडवं आलं की हीच माणसं माझ्या दारात. जो हात रिंगला पोचायचा तो मी खांद्यापर्यंत गाईच्या पोटात घालते, चाचपडत मागचे पाय शोधते, दोर अडकवते. शेजारची म्हातारी वेल्डा तर फोनवर सरळ म्हणते, "तू कामात असलीस तर नुसता हात पाठवून दे गं."

म्हणजे मी सुखी होते. हे लिहून ठेवते, कारण तुमचा माणूस पुढे जे नोंदवून घेऊन गेला त्यात ते नाही.

त्या मार्चात ना बर्फ पडलं ना पाऊस. आदल्या ओल्या उन्हाळ्यानं गवत कमरेला लावलं होतं आणि हिवाळ्यानं ते वाळवून ठेवलं होतं. मुठीत चुरलं की भुगा व्हायचा. आम्ही वाऱ्यातच जन्मलेली माणसं, वाऱ्याचं आम्हाला काय? पण त्या महिन्यात जेवताना सगळ्यांचे कान बाहेर असायचे. डॅडी बोलता बोलता थांबून नाक वर करायचे, वास घ्यायचे, पुन्हा बोलायला लागायचे. माझा नवरा ड्वेन आगीच्या बंबावर बिनपगारी जातो, गावातले सगळे धडधाकट लोक जातात तसा. तो बूट दाराशी, बाहेर तोंड करून, नाड्या सैल करून ठेवायचा. मी झाडू मारताना ते बूट हलवले तर चिडायचा. एरवी चिडणारा माणूस नाही तो.

त्या दिवशी सकाळी डॅडी आणि मी कालवडींना पेंड टाकायला गेलो. पिकअप गाडी ते चालवत होते, मी शेजारी.

"गुडघा कसा आहे?"

"आहे."

"सुजलाय."

"डॅडी, रस्त्याकडे बघा."

"रस्ता माझ्या जन्माआधीपासून तिथंच आहे. हलतोय तो तुझा गुडघा."

कालवडींबद्दल सांगते. बाकीचा कळप डॅडींचा, त्यांच्या बापाचा. या कालवडी माझ्या. घरी आल्यावर पहिल्या वर्षी मी ज्या गाई निवडल्या त्यांच्या या लेकी आणि नाती. काळ्याभोर, रुंद पाठीच्या, स्वभावानं गरीब. सगळ्या पहिलारू, सगळ्या गाभण. कास भरायला लागली होती. कुणाचं वासरू आधी येणार यावर ड्वेनची आणि माझी पैज चालू होती. पुढची वीस वर्षं माझा कळप म्हणजे या कालवडी. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं.

डॅडींनी हॉर्न दाबला. एक लांब, दोन तोकडे. ओघळीतून, सीडरच्या झाडांमागून त्या पोटं हलवत धावत आल्या आणि गाडीला चिकटल्या. पेंडीच्या गाडीमागे जनावर किती चिकटतं ते तुमच्या शहरात कुणाला सांगून कळायचं नाही. बंपरला नाक लावून चालतात. म्हणून फाटकातून गाडी बाहेर काढली की ड्रायव्हरनं आधी उडी मारून फाटक लावायचं, मग श्वास घ्यायचा. नाहीतर अख्खा कळप तुमच्यामागून रस्त्यावर. आमच्याकडे पोर चालायला लागतं तेव्हा त्याला आधी हे शिकवतात. फाटक उघडं टाकणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही.

डॅडींची फाटक लावायची रीत ठरलेली. डाव्या हातानं फाटकाचा लोखंडी पाइप ओढायचा, उजव्यानं साखळी खाचेत टाकायची आणि साखळीचं उरलेलं टोक अंगठ्यानं आतल्या बाजूला खोचायचं, म्हणजे चाळा म्हणून एखादी कालवड जिभेनं ते ओढणार नाही. मग स्वतःशीच म्हणायचं, "पक्कं."

परतताना पश्चिमेच्या कुंपणाशी त्यांनी गाडी थांबवली. तुमचा दांडा वाऱ्यात वरखाली होत होता. तार ढिली पडायची, ताणली जायची. तिचा आवाज बंद काचेतून ऐकू येत होता.

"परत फोन कर."

मी केला. नोंद घेतली गेली.

"विचार त्यांना," डॅडी म्हणाले, "एवढ्या नोंदी ठेवतात कुठं. जागा कमी पडत असेल तर आपली कोठी रिकामी आहे."

हसलो आम्ही. मग ते पुन्हा वास घ्यायला लागले.

दुपारी धूर दिसला तो पश्चिमेलाच. आधी तपकिरी, मग पांढरा, मग काळा. ड्वेन ताटावरून उठला आणि बुटात पाय घालून गेला. वारा नैर्ऋत्येचा होता, म्हणून आगीचं तोंड ईशान्येला, गावाकडे वळलं. आमच्या घराच्या उत्तरेनं ती धावत गेली. आमच्याकडे होती ती तिची नुसती कूस, लांबच लांब, पाय टाकून ओलांडता येईल इतकी बुटकी. डॅडी आणि मी अंगणात उभे राहून बघत होतो. गावाची काळजी वाटत होती. आपण वाचलो असं मनात येत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

ड्वेनचा फोन आला. मागे सायरन, माणसांचा आरडाओरडा. "ऐक. वारा फिरणार आहे. थंड वारा येतोय उत्तरेचा. ती कूस सगळीच्या सगळी तोंड होईल. गुरं गव्हात घाला. आत्ता." फोन तुटला.

गव्हाचं रान आमच्या पूर्वेला. हिवाळी गहू, वीतभर उंच, हिरवागार. हिरवा गहू जळत नाही. तिथं पोचलेलं जनावर जगतं.

मी गाडीकडे पळत म्हटलं, "मी कालवडींकडे जाते. तुम्ही मोठ्या गाई बघा."

"नाही. दक्षिणेच्या माळावर तू जा."

"डॅडी, कालवडी माझ्या आहेत."

"तिकडं दोन फाटकं आहेत, पोरी. दर फाटकाला दोनदा उतरायचं, दोनदा चढायचं. या गुडघ्यावर करशील?" उत्तराची वाट न बघता ते जुन्या पिकअपमध्ये चढले. "तुझ्याकडे फाटक नाही. तार तोड आणि गाई आत घाल. पक्कड सीटखाली आहे."

ते बरोबर बोलत होते. गुडघा टरबुजासारखा झाला होता.

मोठ्या गाई कुंपणाच्या कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या, सगळ्यांची तोंडं उत्तरेला. मी गाडीतून घसरत उतरले आणि पक्कड लावली. ताणलेली काटेरी तार तुटते तेव्हा चाबकासारखी उलटते. दुसरी तार माझ्या गालावरून गेली. रक्त तोंडात आलं तेव्हा कळलं. शेवटची तार तोडली आणि त्याच क्षणी वारा पडला.

एकदम पडला. गवताचं एक पातं हलेना. गाई कान टवकारून उभ्या. आयुष्यात मी इतकी कशाला भ्यायले नव्हते जितकी त्या शांततेला भ्यायले. सामन्याच्या शेवटच्या क्षणी सगळं मैदान गप्प होतं, तशी नाही. तिथं गप्प झालेली माणसं श्वास तरी घेत असतात.

मग तोंडावर थंड हवा लागली. उत्तरेची. समोर भिंतीसारखा उभा असलेला धूर वाकला आणि आमच्या अंगावर आडवा झाला. दिवस मावळल्यासारखं झालं. ओघळीतली सीडरची झाडं एकेक करून फुटायला लागली, तेलाच्या पिंपासारखी. मी हॉर्नवर हात दाबून धरला आणि गाडी तोडलेल्या तारांवरून गव्हात घातली. आरशात गाईंची डोकी दिसत होती. येत होत्या. माझ्या मागे येत होत्या.

ओघळीच्या पलीकडून डॅडींचा हॉर्न ऐकू आला. एक लांब, दोन तोकडे. तो हॉर्न पूर्वेला, गव्हाकडे सरकत होता. मी मोठ्यानं म्हटलं, "निघाल्या! निघाल्या गं बायांनो!" स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या.

हॉर्नच्या खाली दुसरा आवाज होता. कालवडींचा. आधी नेहमीचं हंबरणं, पेंड मागतानाचं. मग ते चढत गेलं. हॉर्न पुढे पुढे सरकत होता आणि तो आवाज जागचा हलत नव्हता. मी काच खाली केली. धूर आत आला. हॉर्न दूर गेला. आवाज तिथंच.

मग आग ओघळ ओलांडून गेली आणि तिच्याशिवाय काही ऐकू येईना.

गव्हाच्या मधोमध डॅडी भेटले. भुवया जळाल्या होत्या, डोळे लाल, टोपी कुठं तरी पडलेली. गाडीतून उतरून ते मागे बघत उभे होते, हात उंच करून. रस्त्यात पाहुण्यांची गाडी दिसली की करतात तसा.

"येतायत," ते म्हणाले. "अगदी मागंच आहेत. धुरात दिसत नाहीत एवढंच. आत्ता येतील बघ."

आम्ही दोघं त्या धुराकडे बघत उभे राहिलो. काही आलं नाही. डॅडी हात खाली घेईनात. शेवटी मी धरून खाली घेतला.

उजाडलं तेव्हा डॅडींचे डोळे सुजून मिटले होते. ड्वेन नुकताच परतला होता, बंबाच्या पायरीवर बसून बूट काढायची ताकद नव्हती त्याला. त्यांनी गावातली घरं बरीचशी वाचवली होती. मी म्हटलं, "तुम्ही दोघं मागून या. मी पुढं जाऊन बघते."

जमीन काळी, सपाट, कोवळं ऊन. कुंपणाचे लाकडी खांब अजून धुमसत होते, आणि तारा हवेत नुसत्याच टांगल्यासारख्या. गव्हाकडं उघडणारं पूर्वेचं फाटक लांबूनच दिसलं, कारण लोखंडाचं ते एकटंच उभं होतं. त्याच्या अलीकडे ढीग होता.

ढिगाचं वर्णन मी करणार नाही. तुमच्याकडे विमानातून काढलेले फोटो आहेत, त्यात बघा. एवढंच सांगते, पुढच्या कालवडींची डोकी फाटकाच्या पाइपांमधून बाहेर आलेली होती. गव्हाच्या बाजूला.

फाटक लावलेलं होतं. साखळी खाचेत. साखळीचं टोक आतल्या बाजूला, अंगठ्यानं खोचलेलं.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग गाडीचा आवाज आला. ड्वेन आणि डॅडी येत होते. मी हातमोजे चढवले, साखळी काढली. लोखंड अजून ऊन होतं. पाइपांत अडकलेली डोकी एकेक करून मागे ढकलली. ते करताना काय होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मग सगळा जोर लावून फाटक गव्हाकडे ओढलं आणि त्याला दगड लावला.

डॅडी ड्वेनचा हात धरून आले. बोटांनी एका डोळ्याची पापणी उचलून त्यांनी बघितलं.

"फाटक तर उघडं आहे."

"हो."

"मग का नाही गेल्या?"

"घाबरल्या असतील, डॅडी. आगीत जनावर गोल गोल फिरतं."

"हॉर्नला आल्या होत्या गं. बंपरला नाकं लागत होती, मला कळत होतं आत बसून." ते ढिगाकडे बघत राहिले. "उघड्या फाटकाशी आल्या आणि थांबल्या?"

ड्वेन फाटकापाशी गेला होता. साखळी हातात घेऊन बघत होता. सगळी साखळी काजळानं काळी, पण खाचेत बसलेल्या दोन कड्या स्वच्छ, चकचकीत. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग वाकून मूठभर राख घेतली आणि त्या कड्यांना चोळली, भांडी घासावीत तशी.

"डॅडी बघतील," मी हळूच म्हटलं.

"बघू नयेत म्हणूनच," तो म्हणाला.

काही जिवंत होत्या. खूर गळून पडलेले, सड जळालेले, डोळे पांढरे. आमचा गुरांचा डॉक्टर एकटा, आणि त्या दिवशी त्याला सगळा जिल्हा बोलावत होता. ज्याची गुरं, त्यानंच त्यांना सोडवायचं. ड्वेननं रायफल काढली तर मी ती घेतली. कालवडी माझ्या होत्या.

फ्री थ्रोच्या आधी मी चेंडू दोनदा आपटायचे, खांदे सोडायचे, अर्धा श्वास बाहेर टाकायचे आणि मग हात. कॉलेजात चार वर्षं तेच केलं. त्या सकाळी दुसरी का तिसरी कालवड झाल्यावर ध्यानात आलं, की माझे खांदे आपोआप सुटतायत आणि अर्धा श्वास बाहेर जातोय. एकही नेम चुकला नाही. शनिवारी गावातल्या मुलींना शाळेच्या मैदानावर शिकवायला जायचे, तेव्हापासून जात नाही. चेंडू हातात घेतला की श्वास तिथंच, अर्ध्यावर अडकतो. मुली विचारतात, "डीनाताई, कधी येणार?" मी म्हणते, गुडघा.

त्यानंतर मी आगीला भीत नव्हते, जळायला काही राहिलंच नव्हतं. मी माणसांना भ्यायला लागले. वेल्डा कढईभर मांस-बटाटे घेऊन आली आणि डॅडींसमोर बसली, की माझं लक्ष तिच्या तोंडावर. कुणी म्हणेल का, "एल्डन, त्या फाटकाचं काय झालं रे?" परक्या गावांहून लोक ट्रक भरभरून गवताच्या गासड्या घेऊन आले. पैसे घेईनात, नाव सांगेनात. मी त्यांनाही लवकर वाटेला लावलं. डॅडी येईल त्याला तेच सांगत होते, "मी स्वतः फाटक उघडलं होतं. उघडं होतं फाटक." खरंच उघडलं होतं त्यांनी. एकदा ते वेल्डाला म्हणाले, "सगळं आठवतं गं मला. एवढंच नाही आठवत, की त्या मागं केव्हा राहिल्या." मी हातातली बशी सोडली. मुद्दाम सोडली, आवाज व्हावा म्हणून.

मग तुमचा माणूस आला. ब्राइस नाव सांगितलं त्यानं. पोरगाच होता, बूट कोरे करकरीत. दारात मान वर करून म्हणाला, "तुम्ही त्या डीना उनरू ना? माझी बहीण तुमचा खेळ बघायला यायची हो!" कॉफी घेतली. साखर मागितली. नुकसान झालं त्याबद्दल वाईट वाटतं म्हणाला, आणि वाटतही असेल.

"थोडी माहिती हवी होती. तुमच्या वडिलांकडून."

"मला विचारा. मी सांगते."

"त्यांच्याच तोंडून हवी, बाई. त्या फाटकानं गेले ते होते ना?"

'त्या फाटकानं' म्हणाला. मला त्याच क्षणी कळलं. विमानातले फोटो मी फाटक उघडण्याच्या आधीचे होते.

"त्यांची तब्येत बरी नाही," मी म्हटलं.

"मला काय धाड भरलीय?" डॅडी आतून आले. "विचार बाबा, विचार. इतके दिवस कुणी नीट विचारलंच नाही."

ब्राइसनं फोन टेबलावर ठेवला. त्यावर एक लाल ठिपका लुकलुकत होता. ड्वेन दारात उभा राहिला. मी म्हटलं, "डॅडी, आपण उद्या बोलू," तर त्यांनी मला हातानंच गप्प केलं, मी लहान असताना करायचे तसं.

बसून सांगणं त्यांना जमेना. उठले. स्वयंपाकघराची खुर्ची पिकअप झाली, फ्रिज पूर्वेचं फाटक.

"हॉर्न देत आलो. सगळ्या मागं. इथं गाडी थांबवली. उतरलो." खुर्चीवरून ते उतरले. "साखळी काढली." उजव्या हाताची बोटं हवेत उचलली गेली. "फाटक ढकललं पार मागपर्यंत. परत चढलो. गाडी काढली बाहेर. धूर असा आला होता, अरे, स्वतःचा हात दिसत नव्हता. त्या मागं चिकटलेल्या, ढुशा देतायत. मग मी..."

ते पुन्हा उतरले.

त्यांना सांगायचं होतं वेगळंच, की मग मी निघालो, मग गव्हात आलो. पण अंग उतरलं. डाव्या हातानं हवेतला पाइप धरून ओढला. उजव्या हातानं साखळी घेतली, खाचेत टाकली. अंगठा आत वळला आणि टोक खोचून आला.

"पक्कं," ते म्हणाले.

आणि अंगठा तसाच राहिला, हवेत.

स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर तेवढी चालू होती. डॅडी अंगठ्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ड्वेनकडे. आम्ही दोघांनीही मान खाली घातली, आणि तिथंच त्यांना सगळं कळलं. आम्हाला ठाऊक होतं हेसुद्धा.

ब्राइस म्हणाला, "धन्यवाद, मिस्टर उनरू. एवढंच हवं होतं." ठिपका विझवला. उरलेली कॉफी प्यायला, गोड होती म्हणून असेल.

मी दारात जाऊन उभी राहिले. माझ्यासारखी बाई दारात उभी राहिली की दार उरत नाही. "पुसून टाक ते."

"माझ्या हातात नाही, बाई."

"फोन तुझ्याच हातात आहे."

"डीना," डॅडी मागून म्हणाले. आवाज एवढासा. "जाऊ दे पोराला. त्यानं काय केलंय?"

मी बाजूला झाले. तुमच्या माणसानं अंगणाचं फाटक जाताना उघडंच टाकलं. ड्वेन जाऊन लावून आला.

तुमचं म्हणणं आता आमच्यापर्यंत आलं आहे. आगीच्या कारणाचा अभ्यास चालू आहे म्हणता. खांब तुम्ही त्याच आठवड्यात, राख गार व्हायच्या आत, मुळापासून कापून नेलात, तेव्हा अभ्यासाला बराच वेळ लागेल. कालवडी मात्र मालकानं स्वतः बाहेरची वाट बंद केल्यामुळं मेल्या, याचा अभ्यास झाला आहे. पुरावा म्हणून माझ्या बापाचा अंगठा तुमच्याकडे आहे.

डॅडी आता गाडी चालवत नाहीत. शेजारी बसतात, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. फाटक आलं की खाली उतरत नाहीत. मी उतरते, उघडते, चढते, पुन्हा उतरते, लावते, पुन्हा चढते. गुडघा कटकट करतो. पूर्वी त्यांनी विचारलं असतं. आता दुसरंच विचारतात. रोज, पेंड टाकून होताना, समोर बघत.

"मी हॉर्न वाजवत होतो. मला नाही ऐकू आलं. तू ओघळीच्या पलीकडं होतीस. ओरडत होत्या का त्या?"

"वारा होता, डॅडी."

"वारा पडला होता मधे."

"मग फिरला होता."

"हं," म्हणतात. विश्वास ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. माझ्या खेळाच्या काळात ते गर्दीत बसायचे तसेच बसलेले असतात, हलत नाहीत, आवाज नाही, फक्त आता टोपी नाही आणि बघायला काही नाही.

मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं, हॉर्न दूर जाईपर्यंत आणि त्यानंतरही. हे त्यांना सांगितलं तर ते मरतील आणि नाही सांगितलं तर ते विचारत राहतील. आता तुम्ही सांगा. वकील नको, गोड आवाजाची मुलगी नको, ब्राइस नको. ज्यानं तो खांब यंदा नको, पुढच्या वर्षी बघू असं ठरवलं, तो एक माणूस पाठवा. त्याला नाव असेल, घर असेल, बापही असेल. उद्या सकाळी मी पेंड टाकायला निघेन. मधली सीट रिकामी आहे. त्यानं डॅडींच्या शेजारी बसावं, त्यांनी विचारलं की त्यांच्या तोंडाकडे बघावं आणि उत्तर द्यावं. ओरडत होत्या का?